न्यूट्रोफिलच्या पोटातली प्रथिनं: ती फक्त जंतू मारतात का?

प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि ऑक्सिजनपासून बनवलेल्या दाहक रसायनांनी मारतात, एवढं पुस्तकात असतं. मग डिफेन्सिन, कॅथेलिसिडिन, लॅक्टोफेरिन या जंतुनाशक प्रथिनांचं काम नेमकं काय? ती फक्त शस्त्रं आहेत, की पेशीच्या कामकाजातही त्यांचा हात असतो? आणि माझ्या आईला प्रतिकारशक्तीसाठी लॅक्टोफेरिनची पावडर घ्यायला कोणीतरी सांगितलंय. उपयोग होईल का?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली २६ वर्षं रोज रक्ताच्या काचा बघते, म्हणून उत्तर काचेपासूनच सुरू करते.

संसर्ग रक्तात पसरलेला रुग्ण आयसीयूत असतो. त्याच्या रक्ताची काच लेशमन रंगात रंगवून ऑइल इमर्शनखाली धरली, की न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या फिकट गुलाबी अंगात गडद जांभळे ठिपके दिसतात. एरवी हे ठिपके इतके बारीक आणि फिके असतात की नजरेत भरत नाहीत. रिपोर्टमध्ये आम्ही 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स' असं लिहितो. ते वाचून नातेवाईक घाबरतात, आणि रक्तात जंतूंचं विष दिसलं असा अर्थ लावतात. त्या ठिपक्यांत जंतूंचं काहीच नसतं. पेशी बोनमॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात, लहानाची मोठी होत असताना तिने स्वतःच भरून घेतलेल्या त्या पिशव्या असतात. संसर्गाच्या घाईत मॅरो पेशींना पुरतं पिकू देत नाही, लवकर बाहेर सोडतो, म्हणून पिशव्यांचा सुरुवातीचा गडद रंग टिकून राहतो. तुम्ही ज्या प्रथिनांबद्दल विचारताय, त्यांचा मोठा साठा या पिशव्यांमध्ये असतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. या प्रथिनांबाबत 'किती आहेत' यापेक्षा 'कुठे आहेत आणि कधी सुटली' हा प्रश्न मोठा आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात, आईच्या पावडरीचंसुद्धा.

आधी भरण्याचा क्रम बघा. आपला बोनमॅरो दिवसाला साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवतो. पेशी प्रोमायलोसाइट या कच्च्या अवस्थेत असते तेव्हा पहिल्या पिशव्या भरल्या जातात. त्यांत मायलोपेरॉक्सिडेज, डिफेन्सिन, इलास्टेज, कॅथेप्सिन-जी, प्रोटिनेज-३ आणि बीपीआय नावाचं प्रथिन. पुढच्या, मायलोसाइट अवस्थेत दुसऱ्या पिशव्या भरतात: लॅक्टोफेरिन आणि कॅथेलिसिडिनचं कच्चं रूप. लायसोझाइम दोन्हींत सापडतं. त्यानंतर जिलॅटिनेजच्या पिशव्या. कुठलं प्रथिन कुठल्या पिशवीत जाणार हे बरंचसं ते कोणत्या वेळी बनलं यावरून ठरतं; डेन्मार्कच्या नील्स बोरगार्ड यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं. पेशी रक्तात उतरली की ही भरणी जवळजवळ संपलेली असते. पुढच्या लढाईसाठी लागणारी शिदोरी तिने आधीच बांधून आणलेली असते.

बाहेर पडण्याचा क्रम मात्र उलटा. सगळ्यांत शेवटी भरलेलं सगळ्यांत आधी सुटतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढताना पेशी जिलॅटिनेज सोडते. ऊतीत पोचल्यावर दुसऱ्या पिशव्या काही बाहेर, काही आत रिकाम्या होतात. पहिल्या पिशव्या, म्हणजे सर्वांत जहाल माल, जंतू गिळून झाल्यावर बहुतांशी त्या गिळलेल्या पोकळीतच, फॅगोसोममध्ये, ओतल्या जातात. ती पोकळी अगदी चिंचोळी असते. जंतू आणि भिंत यांच्यात जेमतेम जागा. म्हणून तिथे प्रथिनांची तीव्रता प्रचंड होते. न्यूट्रोफिलच्या एकूण प्रथिनांपैकी ५ ते ७ टक्के प्रथिनं डिफेन्सिनच असतात. ती सगळी एवढ्याशा फटीत ओतली गेली तर काय होत असेल याची कल्पना करा. परीक्षानळीत डिफेन्सिनचा परिणाम रक्तातल्या मिठाच्या प्रमाणातसुद्धा बराच कमी होतो. त्यामुळे नळीतला आकडा पाहून 'हे प्रथिन कमकुवत आहे' असा निष्कर्ष काढणारे प्रबंध वाचताना मला फॅगोसोमची ती फट आठवते.

कॅथेलिसिडिनची व्यवस्था तर बँकेच्या लॉकरसारखी आहे, दोन किल्ल्यांची. माणसात कॅथेलिसिडिन एकच आहे. त्याचं कच्चं रूप एचकॅप-१८ हे दुसऱ्या पिशवीत असतं आणि त्या रूपात ते जंतूंना फारसं काही करत नाही. त्याला कापणारी कात्री, प्रोटिनेज-३, पहिल्या पिशवीत. दोन्ही पिशव्या रिकाम्या होऊन एकत्र आल्या तरच कापणी होते आणि ३७ अमिनो आम्लांचा, दोन ल्युसिनने सुरू होणारा तुकडा सुटतो. म्हणून त्याचं नाव एलएल-३७. पेशीने ही तजवीज का केली असेल हे पुढे येईलच.

आता मारणं. जिवाणूच्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला ऋण भार जास्त असतो. आपल्या पेशींच्या पटलाचं बाहेरचं अंग बहुतेक उदासीन असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. डिफेन्सिन आणि एलएल-३७ धनभारित आहेत, त्यामुळे ती जिवाणूला जाऊन चिकटतात, पटलात शिरतात आणि ते फाडतात. डिफेन्सिन याशिवाय पेशीभित्तिका बांधण्याचा कच्चा माल, लिपिड-२, धरून ठेवतं. बीपीआय ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेरून आणखी एक आवरण असलेल्या) जिवाणूंच्या त्या आवरणातल्या एलपीएस या साखर-चरबीच्या रेणूला नेमकं धरतं. लायसोझाइम भित्तिकेतल्या साखरांची साखळी तोडतं. लॅक्टोफेरिन लोह पळवतं. आणि पिशव्यांत नव्हे तर पेशीच्या द्रवातच असलेलं कॅलप्रोटेक्टिन जस्त आणि मँगनीज बांधून ठेवतं, जंतूची उपासमार करतं. न्यूट्रोफिलच्या द्रवातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं हे एकटंच असतं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजून आतड्याला खरी सूज आहे की नुसतं आयबीएस (सूज नसताना आतड्याच्या तक्रारी) आहे हे आम्ही वेगळं करतो, ती चाचणी या साठ्यामुळेच शक्य झाली. आतड्यात न्यूट्रोफिल शिरले की ते शौचात उतरतं, आणि नमुना खोलीच्या तापमानाला काही दिवस राहिला तरी टिकतं.

ही सगळी माहिती एकदम मिळाली नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सर्दीच्या शेंबडात लायसोझाइम सापडल्याचं १९२२ मध्ये जाहीर केलं, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. १९५६ मध्ये जेम्स हिर्श यांनी सशाच्या न्यूट्रोफिलमधून जंतुनाशक अर्क काढला. कोणतं प्रथिन काय करतं याचा उलगडा व्हायला आणखी तीन दशकं गेली. लॉस एंजेलिसच्या गान्झ, सेल्स्टेड आणि लेहरर यांनी मानवी डिफेन्सिनला नाव दिलं ते १९८५ मध्ये. मधल्या काळात ऑक्सिजनच्या रसायनांचा शोध इतका गाजला की प्रथिनं पुस्तकात तळटीपेत गेली. तुमच्या पुस्तकातलं वाक्य त्याच काळाचा वारसा आहे.

ते वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. ज्या मुलांत ऑक्सिजनची रसायनं बनवणारं एन्झाइमच नसतं (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज), त्यांच्या पेशींत डिफेन्सिन वगैरे सगळं शाबूत असतं. तरीही स्टॅफिलोकॉकस, सेराशिया, अ‍ॅस्परजिलस या जंतूंपुढे ती मुलं हतबल होतात. म्हणजे एकटी प्रथिनं पुरत नाहीत. उलट बाजूही आहे. मायलोपेरॉक्सिडेज हे पुवाला हिरवट रंग देणारं एन्झाइम, आणि ते जन्मतः नसलेली माणसं बहुतेक वेळा ठणठणीत असतात. अशा लोकांचा पत्ता लागतो तो प्रयोगशाळेत: काही यंत्रं पेरॉक्सिडेजच्या रंगावरून पेशी ओळखतात, त्यांना या माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिलच सापडत नाहीत, आणि काच बघितली तर ते भरपूर असतात. पेशीने दोन्ही वाटा राखून ठेवल्या आहेत आणि त्या एकमेकींना पूरक आहेत.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण या विषयाकडे मी वळले ती तिच्यामुळे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाच वर्षांच्या एका मुलीचं रक्त आलं. हिरड्या सतत सुजलेल्या, दुधाचे दात हलायला लागलेले, अंगावर अधूनमधून गळवं. बालरोगतज्ज्ञांना न्यूट्रोफिल कमी असल्याची शंका होती. मी मोजले, प्रमाण अगदी व्यवस्थित होतं. काच बघितली, पेशी सुरेख. 'नॉर्मल' लिहून सही केली, आणि फोनवर विचारलं तेव्हा "संरक्षणाची बाजू ठीक आहे, दातांचंच काहीतरी असेल" असंही सांगून टाकलं. पुढच्या वर्षी एका दंतवैद्यांनी मुलीच्या चपला काढायला लावल्या. तळवे आणि तळपाय जाड, खरखरीत, भेगाळलेले. आई म्हणाली, बाळपणापासून असेच आहेत, मातीत खेळते म्हणून असतील असं वाटलं. निदान पॅपिलॉन-लेफेव्र सिंड्रोम. तोवर तिचे बरेच दुधाचे दात गेले होते.

दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये वर्णन केलेला हा आजार. त्यामागचा जनुक १९९९ मध्ये सापडला: कॅथेप्सिन-सी. बोनमॅरोत इलास्टेज, कॅथेप्सिन-जी आणि प्रोटिनेज-३ बनतात तेव्हा त्यांच्या टोकाला दोन अमिनो आम्लांची टोपी असते. ती काढायचं काम कॅथेप्सिन-सीचं. टोपी निघाली नाही तर ही एन्झाइम कामाला लागत नाहीत. प्रोटिनेज-३ निकामी म्हणजे लॉकरची दुसरी किल्ली हरवली, एचकॅप-१८ कापलं जात नाही, एलएल-३७ तयार होत नाही. पेशींची संख्या बरोबर, दिसायला बरोबर, जंतू गिळतातही. आतली शिदोरी मात्र उघडतच नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, पेशी मोजतं. पेशीच्या पोटात काय आहे ते सांगत नाही. मी जे मोजलं होतं त्यावरून जे सांगितलं, ते सांगायचा मला अधिकार नव्हता.

याच धाग्याचं दुसरं टोक स्वीडनमध्ये आहे. रोल्फ कोस्टमन यांनी वर्णन केलेल्या जन्मजात आजारात न्यूट्रोफिल जवळजवळ नसतातच. न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या जी-सीएसएफची इंजेक्शनं आल्यावर या मुलांच्या पेशींची संख्या वाढली, जीव वाचले. तरी हिरड्या सडतच राहिल्या. २००२ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं की औषधाने वाढवलेल्या त्या पेशींत एलएल-३७ नव्हतंच, आणि डिफेन्सिनही कमी होतं. हिरडी ही अशी जागा आहे की जिथे जंतू कायम दारात बसलेले असतात, त्यामुळे पोट रिकामं असलेल्या पेशींचं पितळ तिथे सर्वांत आधी उघडं पडतं. लहान मुलाच्या हिरड्या सतत सुजत असतील आणि न्यूट्रोफिल मोजणीत ठीक दिसत असतील, तर आता मी हातपाय बघायला सांगते.

तुमचा दुसरा प्रश्न, ही फक्त शस्त्रं आहेत का. नाहीत. माझ्या मते पेशीच्या कामकाजातलं त्यांचं स्थान त्यांच्या मारण्याइतकंच मोठं आहे, आणि माणसाच्या शरीरात कदाचित जास्त.

न्यूट्रोफिल मरतो लवकर, पण मरताना बोलावून ठेवतो. एलएल-३७ हे पेशींवरच्या एफपीआर२ नावाच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) लागतं आणि आणखी न्यूट्रोफिल, मोनोसाइट, टी-पेशी त्या दिशेला खेचल्या जातात. पहिल्या पिशव्यांतलं अझ्युरोसिडिन मोनोसाइटांना बोलावतं. त्वचेच्या आणि श्लेष्मल आवरणाच्या पेशी बनवतात ते बीटा-डिफेन्सिन सीसीआर६ हा रिसेप्टर वापरून अपक्व डेंड्रायटिक पेशींना (जंतूंची ओळख टी-पेशींना करून देणाऱ्या) आणि स्मृती टी-पेशींना हाक मारतं; हे १९९९ मध्ये सिद्ध झालं, आणि जन्मजात आणि अर्जित प्रतिकार यांच्यातला पूल एका जंतुनाशक प्रथिनाने बांधलेला आहे हे तेव्हा लक्षात आलं. दुसरीकडे हेच एलएल-३७ सुट्या एलपीएसला बांधून टाकतं, त्यामुळे मॅक्रोफेज, म्हणजे ऊतींतल्या जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, त्याला पाहून भडकत नाहीत. एकच तुकडा बोलावतोही आणि शमवतोही. कोणतं काम वरचढ ठरेल हे भोवती आणखी काय आहे यावर ठरतं.

मॅक्रोफेजची कथा वेगळी आहे, आणि आपल्या देशात तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटातच घर करतो. मॅक्रोफेजकडे न्यूट्रोफिलसारख्या भरलेल्या डिफेन्सिनच्या पिशव्या नसतात. ती मेलेले न्यूट्रोफिल गिळते आणि त्यांची प्रथिनं आपल्या पोटातल्या जंतूंपर्यंत पोचवते. एकाची शिदोरी दुसऱ्याच्या उपयोगी पडते. शिवाय ती स्वतःही कॅथेलिसिडिन बनवू शकते, मात्र त्याला एक अट आहे. २००६ मध्ये रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने दाखवलं की क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की मानवी मॅक्रोफेज ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर आणि ते जीवनसत्त्व सक्रिय करणारं एन्झाइम वाढवते, आणि त्यातून कॅथेलिसिडिनचा जनुक चालू होतो. रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर ही साखळी अडते. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी १९०३ चं नोबेल मिळालं होतं. शंभर वर्षांनी त्यामागची एक संभाव्य यंत्रणा हाती आली म्हणून हा शोध फार गाजला.

मग सगळ्यांना ड जीवनसत्त्व दिलं तर क्षय थांबेल का? मंगोलियात उलानबातरच्या ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षं हा प्रयोग झाला. मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता होती आणि गोळ्यांनी रक्तातली पातळी छान वाढली. क्षयाचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. साखळीतली एक कडी भरपूर पुरवली म्हणजे प्रथिन योग्य पेशीत, योग्य पोकळीत, योग्य वेळी पोचेलच असं नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती हाडांसाठी भरून काढायलाच हवी. क्षयावरचा उपाय म्हणून ते विकणाऱ्याचं ऐकू नका.

इथे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये डिफेन्सिन नसतात, आणि त्यांच्या कॅथेलिसिडिन जनुकाला ड जीवनसत्त्वाचं ते बटणही नाही. ते वानरकुळात आलेलं आहे. उंदरांत ग्रॅन्युलायसिनही नसतं. म्हणून या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध हातात घेतला की आधी प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला ते बघा.

ग्रॅन्युलायसिनचा उल्लेख झालाच आहे तर टी-पेशी आणि एनके पेशी या बाधित पेशींना मारणाऱ्या पेशींबद्दल थोडं. त्यांच्याही पिशव्या असतात: परफोरिन, ग्रॅन्झाइम आणि ग्रॅन्युलायसिन. परफोरिन बाधित पेशीच्या पटलाला भोक पाडतं, त्यातून ग्रॅन्युलायसिन आत शिरून लपलेल्या जिवाणूचं पटल फोडतं, आणि मग ग्रॅन्झाइम जिवाणूच्याही आत जाऊन त्याची प्रथिनं तोडतात. कुष्ठरोगात याचा पुरावा मोठा बोलका आहे. ज्या रुग्णांत जंतू आटोक्यात राहतात त्या ट्यूबरक्युलॉइड प्रकारच्या चट्ट्यांत ग्रॅन्युलायसिन असलेल्या टी-पेशी पुष्कळ दिसतात. ज्यांच्यात जंतू बेसुमार वाढतात त्या लेप्रोमॅटस प्रकारात त्या थोड्या. गडचिरोली-चंद्रपूरकडून येणाऱ्या बायॉप्सी बघताना ही दोन चित्रं शेजारी शेजारी भेटतात.

आता त्या दोन किल्ल्यांच्या लॉकरचं कारण. ही प्रथिनं जागा सोडून सुटली की आपल्यालाच खातात. फुप्फुसात, लवचिक तंतू तोडणाऱ्या इलास्टेजला आवर घालणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन जन्मतः कमी असेल तर तरुण वयात एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटण्याचा आजार) होतो. २००४ मध्ये बर्लिनच्या झिखलिन्स्की यांच्या गटाने दाखवलं की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्या जाळ्याला इलास्टेजसारखी प्रथिनं चिकटलेली असतात. जंतू त्यात अडकतात, ही चांगली बाजू. पण याच जाळ्यांत पेशीच्या पोटातला ऐवज उघड्यावर येतो आणि शरीराची ओळख-यंत्रणा त्याला परका समजू शकते. आमच्याकडे एएनसीए नावाची चाचणी रोज येते, मूत्रपिंड आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी. त्यातली दोन मुख्य अँटिबॉडीज कोणाविरुद्ध असतात माहीत आहे? प्रोटिनेज-३ आणि मायलोपेरॉक्सिडेज. पहिल्या पिशवीतल्याच दोन प्रथिनांविरुद्ध.

सोरायसिसमध्ये तर एलएल-३७ थेट आरोपी आहे. ऋण भाराचा जिवाणू त्याला आवडतो हे आपण पाहिलं; डीएनएसुद्धा ऋणभारितच. मेलेल्या पेशींचा आपलाच डीएनए एलएल-३७ला चिकटतो आणि हा जोड प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींच्या आत जातो. एरवी स्वतःच्या डीएनएकडे दुर्लक्ष करणारी पेशी डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर९ या रिसेप्टरच्या वाटेने पेटून इंटरफेरॉन हे दाह वाढवणारं प्रथिन सोडते. हे २००७ मध्ये उलगडलं. याच्या उलट, अ‍ॅटोपिक एक्झिमाच्या त्वचेत एलएल-३७ पुरेसं वाढत नाही आणि तिथे स्टॅफिलोकॉकस सहज वस्ती करतो. एकाला जास्त झालं म्हणून त्रास, दुसऱ्याला कमी पडलं म्हणून. तेव्हा "अँटिमायक्रोबियल पेप्टाइड वाढवा" असा सरसकट सल्ला कुठल्या त्वचेला द्यायचा?

आणि म्हणून आईची पावडर. बाजारातलं लॅक्टोफेरिन बहुधा गाईच्या दुधाचं असतं. ते तोंडावाटे घेतलं की पोटात बरंचसं पचतं, आणि जे उरतं ते आतड्याच्या पोकळीत राहतं. न्यूट्रोफिलच्या दुसऱ्या पिशवीत जाऊन बसत नाही. त्या पिशव्या बोनमॅरोतच, पेशीने स्वतः बनवलेल्या प्रथिनाने भरतात हे वर आलंच. ज्यांना उपयोग होण्याची सर्वांत जास्त शक्यता होती अशा, फार लवकर जन्मलेल्या २,२०३ बाळांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये तिचा निकाल आला, आणि संसर्गात फरक पडला नाही. आईला डॉक्टरांनी रक्ताल्पतेसाठी दिलं असेल तर तो वेगळा विषय, त्यांच्याशीच बोला. 'प्रतिकारशक्ती' म्हणून घेत असतील तर ते पैसे डाळी, अंडी, फळांवर खर्च करा.

लॅक्टोफेरिन खरंच लागतं ते नवजात बाळाला, आणि ते आईच्या पहिल्या दुधात असतं. चिकात लिटरमागे साधारण ५ ते ७ ग्रॅम. अजूनही काही घरांत हा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण कौतुकाने खातो आणि बाळाच्या वाटणीचा चीक फेकतो, याचं मला मनापासून दुःख होतं. तुमच्या ओळखीत बाळंतपण असेल तर एवढं जरूर सांगा.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे संशोधनाकडे वळाल म्हणून दोन शब्द. १९८७ मध्ये मायकल झॅस्लॉफ यांना आफ्रिकी बेडकाच्या त्वचेत मॅगेनिन सापडलं. त्यावरून बनवलेलं पेक्सिगॅनन हे मधुमेही पायाच्या जखमेवरचं मलम बाजारापर्यंत पोचू शकलं नाही. नळीत जंतू मारणारा रेणू जखमेत प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम), मीठ आणि पू यांच्यात टिकवणं ही खरी अडचण आहे. आपल्याकडे परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेने २०१० पासून अशा पेप्टाइडांचा 'कॅम्प' हा माहितीसंच जगासाठी खुला ठेवलाय. प्रकल्पाचा विषय शोधत असाल तर तिथून सुरुवात करा. कोलिस्टिन या अँटिबायॉटिककडेही बघा. ते जिवाणूने बनवलेलं असलं तरी ग्रॅम-निगेटिव्हच्या आवरणावर आपल्या प्रथिनांसारखंच बसतं. आवरणाचा ऋण भार कमी करून कोलिस्टिनला चुकवायला शिकलेले काही जंतू एलएल-३७ आणि लायसोझाइमलाही दाद देत नाहीत. भारताने २०१९ मध्ये खाद्य जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली, ती फक्त एक अँटिबायॉटिक वाचवण्यापुरती नाही असं मला वाटतं ते यामुळे.

शेवटी एक प्रयोग सुचवते. तुमच्या प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसात होईल. मायक्रोकॉकस ल्युटियसचं गढूळ द्रावण फॉस्फेट बफरमध्ये करा आणि त्यात पातळ केलेला अंड्याचा पांढरा बलक घाला. काही मिनिटांत नळी निवळेल, हे लायसोझाइम. तेच ई. कोलायवर ट्रिस बफरमध्ये करा, फारसं काही होणार नाही, कारण बाहेरचं आवरण लायसोझाइमला आत जाऊ देत नाही. आता तिसऱ्या नळीत ई. कोलाय, तोच पांढरा बलक आणि थोडं ईडीटीए. ईडीटीए आवरण बांधून ठेवणारे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम काढून घेतं, आणि नळी निवळू लागते. फॅगोसोममध्ये तो मॅग्नेशियम हुसकावण्याचं काम बीपीआय आणि एलएल-३७ करतात. नुसत्या ईडीटीएची चौथी नळीही ठेवा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. ६०० नॅनोमीटरवर दर मिनिटाला वाचन घ्या, आणि काम झालं की सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्ह करूनच टाका.